वाचनालयाचा ‘सीपीयू’ : प्रोसेसर बदलाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आधी शब्दांचा घोळ मिटवतो. आमच्या गावात ‘सीपीयू’ म्हणजे टेबलाखालचं अख्खं खोकं. काल कार्यकारिणीच्या बैठकीत मी ‘सीपीयू बदलावा लागेल’ म्हणालो आणि आबा चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. “अरे, सीपीयू तर मागच्याच आठवड्यात फुकट मिळालाय. परत सीपीयू कशाला?” त्यानंतरची पंधरा मिनिटं मी खोक्याच्या आतल्या खऱ्या सीपीयूबद्दल बोलत होतो. ग्रंथपाल ताईंनी इतिवृत्तात काय लिहिलं ते वाचायचं धाडस अजून झालेलं नाही. यापुढे या वहीत मी ‘प्रोसेसर’ असंच लिहिणार.

खोकं एका कार्यालयातून आलं. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपला, विंडोज ११ या पिढीच्या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही, म्हणून त्यांनी असे सहा संगणक काढून टाकले. डिस्क काढून घेतलेली, बाकी सगळं जागेवर. आम्हाला विंडोज नकोच होतं. माझ्याकडची २४० जीबीची एसएसडी टाकली, लिनक्स चढवलं, तासाभरात चालू.

आतला ऐवज असा : पेंटियम जी३२२०, एच८१ चिपसेटचा बोर्ड, ४ जीबीची एकच रॅमपट्टी. अरुंद, आडवं ठेवता येईल असं कॅबिनेट. पॉवर सप्लाय कंपनीचा स्वतःचा, २४० वॅटचा.

काम काय, तेही लिहून ठेवतो. वाचनालयात स्वातंत्र्यापूर्वीच्या मासिकांचे बांधीव खंड आहेत, साठेक. हात लावला की पानाचे कोपरे गळतात. लाकडी चौकटीवर कॅमेरा लावून पानांचे फोटो घ्यायचे, मग टेसरॅक्ट या प्रोग्रॅमकडून त्यातला मजकूर ओळखून घ्यायचा आणि शोधता येईल अशी पीडीएफ करायची. ताई पानं उलटतात, मी बाकीचं बघतो. कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालाय, म्हणजे मी फक्त रविवारी आणि पाळी बदलेल तेव्हा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी पाळी, म्हणून सकाळ मोकळी. विकत काही घेण्याआधी मोजून घेतलं. कारखान्यात दाब कमी दिसला की पहिल्यांदा मीटर तपासतात, पंप नव्हे. इथंही तेच.

चाचणीसाठी एका खंडाची १०० पानं वेगळी काढली. दोन रकाने, बारीक टाईप, शाई फुटलेली. टेसरॅक्टचं मराठीचं ‘बेस्ट’ मॉडेल लावलं. ‘फास्ट’ मॉडेल बरंच लवकर आटपतं, पण आमच्या पानांवर ते ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ यांचं फार वाटोळं करतं. ‘तऱ्हा’ची ‘तव्हा’ झालेली एकदा चालेल, पानागणिक नाही.

वेळ : १ तास १२ मिनिटं. म्हणजे पानाला ४३ सेकंद. चारशे पानांच्या एका खंडाला पाच तास. वाचनालय सकाळी तीन तास आणि संध्याकाळी तीन तास उघडं असतं, रात्री संगणक चालू ठेवायला आबांची मनाई (“शॉर्टसर्किट झालं तर पुस्तकांचं काय?” यावर माझ्याकडे उत्तर नाही). त्यात दुपारी लाईट जाते ती वेगळीच. आणि आधी फोटोही काढायचे असतात. एक खंड एका दिवसात होत नाही.

अडतं कुठे ते पाहिलं. काम चालू असताना एसएसडी जवळजवळ रिकामी बसलेली. रॅम ४ पैकी अडीच जीबी वापरात. प्रोसेसरचे दोन्ही कोअर (म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग) मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत १०० टक्के. रॅमवरचा संशय पुरता फिटावा म्हणून घरच्या संगणकातली ४ जीबीची पट्टी आणून जोडली आणि तीच १०० पानं परत लावली : १ तास ११ मिनिटं. म्हणजे दोष रॅमचा नाही.

आणखी एक गोष्ट सापडली, तिच्यासाठी ही नोंद मुद्दाम लांबवतो. पेंटियम जी३२२० हा हॅसवेल पिढीचाच, पण कंपनीनं त्यातून एव्हीएक्स आणि एव्हीएक्स-२ या (अनेक आकडे एकदम हाताळणाऱ्या) सूचना काढून टाकल्यात. त्याच पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हनमध्ये त्या आहेत. चौथ्या आवृत्तीपासून टेसरॅक्ट न्यूरल नेटवर्कवर चालतं. आत सगळा आकड्यांच्या लांबलचक रांगांचा गुणाकार आणि बेरीज. एव्हीएक्सवाला प्रोसेसर एका घासात आठ आकडे उचलतो, आमचा पेंटियम जुन्या एसएसईवर चार. म्हणजे आपल्याकडे कोअर निम्मे, आणि त्या प्रत्येकाचा घासही निम्मा. ऑफिसात पत्रं टाईप करताना हा फरक कुणाच्या जन्मात लक्षात आला नसता.

१६ नोव्हेंबर, रविवार

काय घ्यायचं, यावर सकाळ गेली.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, एलजीए ११५०. गावातल्या मोबाइल रिपेअरवाल्या मित्रानं प्रेमानं स्वतःकडचा आय-सेव्हन ३७७० देऊ केला. “आय-सेव्हन आहे, बसेल की!” तो सॉकेट ११५५चा. पाच पिनांचा फरक दिसतो, पण बाजूच्या खाचाच जुळत नाहीत. चहा घेऊन परत आलो.

मग यादी केली. आय-फाइव्ह ४५७० : चार कोअर, चार थ्रेड (म्हणजे एका वेळी चालणारी कामं), स्वस्त. आय-सेव्हन ४७७० : चार कोअर, आठ थ्रेड, ३.४ ते ३.९ गिगाहर्ट्झ. आय-सेव्हन ४७९० : तेच पण थोडं वेगवान, २०१४चं. झिऑन ई३-१२३१ व्ही३ : किंमत बरी, पण त्यात ग्राफिक्सच नाही, म्हणजे वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडदा काळा. तो बाद.

४७९०ही बाद केला. कारण बायोस, म्हणजे संगणक सुरू करणारा बोर्डातलाच प्रोग्रॅम. बोर्डाच्या बायोसवर २०१३ची तारीख आहे आणि ४७९० त्यानंतरचा. बायोस अद्ययावत केल्याशिवाय असा बोर्ड त्याला ओळखेलच असं नाही. बायोस चढवताना मध्येच लाईट गेली तर बोर्ड कायमचा गप्प. आमच्या गावात ही शक्यता कागदावरची नाही. ४७७० बोर्डाच्याच वयाचा, त्याला बायोस नवीन लागत नाही. २०० मेगाहर्ट्झसाठी मी बोर्ड पणाला लावणार नाही.

बोर्डाला ८४ वॅट झेपतील का? याचं उत्तर कंपनीच्याच सुट्या भागांच्या पुस्तिकेत मिळालं. हेच मॉडेल त्यांनी आय-फाइव्ह ४५७० घालूनही विकलंय, आणि तोही ८४ वॅटचाच. ४७७०ची मर्यादा तेवढीच. म्हणजे वीज पुरवणारे भाग तेवढ्यासाठी बनवलेत. पॉवर सप्लायचं म्हणाल तर ग्राफिक्स कार्ड नाही, एक एसएसडी, दोन रॅमपट्ट्या. २४० वॅट पुरून उरतात. तो जळाला तर मात्र पंचाईत आहे, कारण मुख्य जोडणी नेहमीच्या २४ पिनांची नसून ८ पिनांची आहे. बाजारातला कुठलाही सरळ लागणार नाही.

तयार संगणकात हे असं असतं. प्रोसेसर आणि त्याचं सॉकेट तेवढं जगभर ठरलेल्या मापाचं. त्याच्या भोवतालचं सगळं मात्र त्या एका कंपनीचं : पिना, पंख्याची जोडणी, हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) स्क्रू, बायोस.

आबांनी पाच हजार मंजूर केले. ‘संकीर्ण’ या खात्यातून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

भाचा मुंबईत असतो. त्याला लॅमिंग्टन रोडला पाठवलं. ग्रँट रोड स्टेशनच्या बाहेर उभं राहून त्यानं फोन केला.

“मामा, इथे एक जण म्हणतोय ४७७०के घ्या, जास्त पॉवरफुल.”

“नको. ओव्हरक्लॉकिंग आपल्या बोर्डावर होत नाही. साधा ४७७०. आणि डोक्यावर कोरलेलं वाच मला.”

“एसआर वन फोर नाइन.”

“तोच. आता उलटा कर. खालच्या सोनेरी ठिपक्यांवर काळपट डाग आहे का? मधले बारीक कपॅसिटर सगळे जागेवर आहेत का?”

या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरवर नाहीत. म्हणून जुना प्रोसेसर घेणं त्या मानानं बिनधोक. जुना बोर्ड घेणं नव्हे. साडेतीन हजार सांगितले, तीन हजार चारशेला दिला, दुकानात चालवून दाखवून. रॅमची ४ जीबीची पट्टी पाचशेला. प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लावायच्या पेस्टची छोटी सिरिंज दीडशेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

काही झालं नाही. पार्सल शनिवारी पोचायला हवं होतं. कॅबिनेटमधली धूळ काढली, ब्लोअर अंगणात नेऊन. एवढी धूळ निघाली की शेजारच्या काकूंनी वाळवणं उचलली.

३० नोव्हेंबर, रविवार

बसवला.

संगणक दहा मिनिटं कामाला लावून गरम केला, मग बंद. जुनी पेस्ट थंडीत सिमेंटसारखी होते. गरम असली की हीटसिंक जरा पिळवटला तरी सुटतो. चारही स्क्रू हीटसिंकलाच अडकलेले, हरवायची सोय नाही, हे कंपनीचं चांगलं काम. कर्णात समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे सैल करत गेलो. हीटसिंक उचलल्यावर तळ बघितला : सगळा ॲल्युमिनियम, मध्ये तांब्याचं काही नाही. पन्नासेक वॅटच्या पेंटियमला पुरेसा. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, ती इथं नोंदवून ठेवतो.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिलनं पुसली. दांडी उघडली, पेंटियम दोन बोटांनी सरळ वर. सॉकेटमधल्या पिनांकडे बॅटरीनं तिरकं बघितलं. प्रकाश सगळ्यांवर एकसारखा परतला, म्हणजे वाकलेली एकही नाही. नवा प्रोसेसर खाचा जुळवून नुसता ठेवला. दाबायचा नाही. दांडी लावताना मात्र जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. ताई शेजारी उभ्या होत्या. “मोडलं का हो काही?” म्हणाल्या. नाही, ते असंच असतं. (हे मी आत्मविश्वासानं म्हणालो. दरवेळी पोटात गोळा येतोच.)

पेस्ट तुरीच्या डाळीएवढी. हीटसिंक परत कर्णातल्या क्रमानं. रॅमची दुसरी पट्टी. एकूण वीस मिनिटं.

चालू केला. पंखा फिरला, पडदा काळा. पाच सेकंदांनी आपोआप बंद. परत चालू. परत काळा. मी स्विचकडे हात नेला आणि मागे घेतला. नवा प्रोसेसर आणि नवी रॅम दिसल्यावर बोर्ड एकदोनदा स्वतःहून बंद-चालू होतो हे माहीत होतं, पण माहीत असणं आणि बघत बसणं यात अंतर आहे. तिसऱ्या वेळी कंपनीचं चिन्ह आलं. बायोसमध्ये आय-सेव्हन ४७७०, ८ जीबी. रॅमचा वेगही १३३३ वरून १६०० झालेला. पेंटियमची मर्यादाच १३३३ होती, पट्टी बिचारी इतकी वर्षं दबून चालत होती.

मग लिनक्स सुरू झालं आणि इंटरनेटवरची प्रत्येक साइट असुरक्षित असल्याचं सांगू लागलं. अर्धा तास वायफायशी भांडलो. घड्याळ बघितलं तेव्हा कळलं : बोर्डाचं नाण्याएवढं सेल संपलेलं, वीज काढल्याबरोबर तारीख कित्येक वर्षं मागे. प्रमाणपत्रं सगळी ‘भविष्यातली’ ठरत होती. सीआर२०३२, किराणा दुकानात मिळालं, चाळीस रुपये.

चाचणीला वेळ उरला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

तीच १०० पानं : १६ मिनिटं ३० सेकंद.

ताई खूश. मी नाही. पहिली वीस पानं झरझर गेली आणि मग गती पडली. तापमान लावून बघितलं तर चारही कोअर ९९, १००, ९९, १००. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदीत ओळ हजर : तापमान मर्यादेपुढे गेलं, वेग कमी केला. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. ३.७ वरून २.९ पर्यंत घसरलेला दिसला. जळणार नाही, पण आपण आय-सेव्हनचे पैसे देऊन आय-फाइव्ह चालवतोय.

पेस्ट नीट पसरली नसेल म्हणून हीटसिंक परत काढला. ठसा एकसारखा. पुसून नवी लावली. १००, ९९, १००, १००.

पाळीला उशीर झाला.

७ डिसेंबर, रविवार

चूक माझीच. २३ तारखेला धूळ काढताना हीटसिंकवरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण काढून संदर्भग्रंथांच्या कपाटावर ठेवलं होतं. ते तिथेच होतं. ताईंनी त्यात पेन ठेवायला सुरुवात केली होती.

मी त्याला शोभेचं समजलो. तसं नाही. या कॅबिनेटमध्ये पंखा हीटसिंकच्या डोक्यावर नसतो; पुढच्या बाजूला एकच पंखा, आणि ते झाकण म्हणजे वाऱ्याचा बोगदा. पुढून ओढलेली हवा पात्यांमधूनच जाईल, इकडे तिकडे पसरणार नाही, यासाठी. झाकण नसलं की हवा सोपी वाट धरते आणि हीटसिंकच्या वरून निघून जाते. कालव्याला बांध नसेल तर पाणी उसाला लागत नाही. बॉयलरच्या डक्टमध्ये हेच मी नव्या पोरांना शिकवतो, आणि इथे स्वतः डक्ट काढून पेनं ठेवायला दिला. पेंटियम असता तर कळलंही नसतं. त्याची उष्णता झाकणाशिवायही निघून गेली असती.

झाकण बसवलं. कॅबिनेट बंद. १०० पानं : १३ मिनिटं २० सेकंद. तापमान ९२ वर स्थिर, वेग ३.७.

९२ हे मर्यादेच्या आत आहे हे खरं, पण ही डिसेंबरची सकाळ. एप्रिलमध्ये याच खोलीत ४० अंश असतात आणि पत्रा तापलेला असतो. तेव्हा परत शंभरीला भिडणार. दोन उपाय. एक, आय-फाइव्हवाल्या मॉडेलचा तांब्याच्या गाभ्याचा हीटसिंक शोधायचा. भाच्याला सांगितलंय. दुसरा फुकट : टर्बो, म्हणजे काम वाढलं की वेग आपोआप चढवण्याची सोय, बंद करणं. लिनक्समध्ये एका फाइलीत १ लिहिला की झालं. मग प्रोसेसर ३.४ च्या वर जात नाही.

टर्बो बंद करून : १४ मिनिटं २५ सेकंद, तापमान ७८.

एका मिनिटाच्या मोबदल्यात चौदा अंश. वरच्या ३०० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज बरंच चढवावं लागतं, आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गानं वाढते. सौदा मला पटला. टर्बो बंद ठेवला, संगणक सुरू होताना आपोआप बंद होईल अशी सोय केली. भाच्याला सांगितलं, हीटसिंक मिळाला तर बघू, नाही मिळाला तरी राहू दे.

१४ डिसेंबर, रविवार

थ्रेडचा खेळ. आठ पानं एकाच वेळी चालतात. टेसरॅक्ट हातानं चालवताना एक गोष्ट विसरलो की घोटाळा होतो : प्रत्येक पान स्वतःचेही आणखी थ्रेड उघडतं आणि सगळे एकमेकांच्या पायात येतात. ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ हे चल १ करून ठेवायचं. ओसीआरमायपीडीएफ हा टेसरॅक्ट चालवून पीडीएफ करणारा प्रोग्रॅम हे सगळं स्वतः सांभाळतो, म्हणून खंडांसाठी तेच वापरतोय. आठ पानं चालू असताना रॅम साडेपाच जीबीपर्यंत जाते. म्हणजे नव्या पट्टीशिवाय आता गाडी अडली असती. पेंटियमवर तशीच पट्टी निरुपयोगी ठरली होती.

आठऐवजी चारच पानं चालवून पाहिली : १७ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे आठ थ्रेडांचा फायदा पाचवा हिस्सा, दुप्पट वगैरे नाही. आय-फाइव्ह घेतला असता तर जवळपास इथेच पोचलो असतो आणि दीडएक हजार वाचले असते. हे आबांना सांगितलं नाही. इथं लिहून ठेवतो.

काय सुधारलं नाही, तेही. ब्राउझर पूर्वीइतकाच पटकन किंवा सावकाश उघडतो. देवघेवीची नोंद करणारी प्रणाली जशी होती तशीच. ज्यांना फक्त तेवढं करायचंय त्यांनी एसएसडी घालावी आणि प्रोसेसरला हात लावू नये.

एक अख्खा खंड लावला, ४१२ पानं. ५९ मिनिटं. सकाळच्या वेळेत ताईंनी फोटो काढले, संध्याकाळच्या वेळेत पीडीएफ तयार. १९६२च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचं लेखन असल्यानं पानोपानी ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरीं’. टेसरॅक्ट यातले निम्मे अनुस्वार शाईचे डाग समजून गाळतं. कितीही वेगवान प्रोसेसर आणला तरी हे सुटणार नाही. त्यासाठी मॉडेलला जुनं लेखन शिकवावं लागेल, तो वेगळा हंगाम.

ताई म्हणाल्या, “आधी मी मशीनची वाट बघायची, आता मशीन माझी वाट बघतंय. मला काही लावता येतो का तुमचा आय-सेव्हन?” एका तासात त्या दीडशेएक पानं उलटतात. कोपरे गळू न देता. यापेक्षा जोरात मी उलटू देणार नाही.

२१ डिसेंबर, रविवार

चार खंड झाले. तापमान ८० च्या खाली. मंगळवारी दुपारी लाईट गेली, यूपीएसनं दहा मिनिटं सांभाळलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे काम थांबवून नीट बंद केला.

आज हिशेब दिला : प्रोसेसर ३,४००, रॅम ५००, पेस्ट १५०, सेल ४०. एकूण ४,०९०. कुरिअर माझ्याकडून. शिल्लक ९१० परत.

जुना पेंटियम काडेपेटीत कापसावर ठेवून ताईंकडे दिला. त्या डेडस्टॉक रजिस्टर उघडून बराच वेळ विचार करत बसल्या. रजिस्टरात ‘सीपीयू – १ नग (देणगी)’ ही नोंद आधीच होती, खोक्याची.

“मग हे काय लिहू?”

“प्रोसेसर, जुना, चालू स्थितीत. १ नग.”

त्यांनी लिहिलं. पुढे कंसात स्वतःहून भर घातली : काडेपेटीसह. आबांनी सही केली.